बेससाठी स्वस्त सिंथ पेडल: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच राहू द्यावं

बेस गिटारचा आवाज सिंथेसायझरसारखा करणाऱ्या, पायाने चालवायच्या डब्या म्हणजे सिंथ पेडल. निकाल आधी सांगतो, कारणं मागून. सिंथचा आवाज अधूनमधून लागणार असेल, बजेट आखडतं असेल आणि एकच पेडल घ्यायचं असेल, तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बेस मोनो सिंथ. पॅड (मागे पसरून राहणारा लांब आवाज), ऑर्गन, दोन-तीन तारा एकदम छेडून काही करायचं असेल तर बॉसचं एसवाय-१. घरात आधीच एखादं ऑक्टेव्ह (स्वर सप्तकभर खाली उतरवणारं पेडल) आणि फझ (आवाज फाटका, खरखरीत करणारं) पडून असेल तर सिंथ पेडल घेऊच नका, एक चांगला फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारं पेडल) घ्या. आणि झूमचं एमएस-६०बी सेकंडहँड, चालू स्थितीत मिळालं, तर या सगळ्यांच्या आधी ते उचला.

या पेडलच्या दोन जाती असतात आणि खोक्यावर ते कुणी छापत नाही. पहिली जात तुमच्या तारेचा सूर ओळखते आणि त्या सुरावर स्वतःचा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं सर्किट) वाजवते. तिथे बेसचं काम फक्त कळ दाबण्याचं. दुसरी जात तुमच्याच तारेचा आवाज घेते, त्याची लहर चौकोनी करते, सप्तकभर खाली उतरवते आणि फिल्टरमधून फिरवते. बॉसच्या आता बंद झालेल्या एसवायबी-५ मध्ये दोन्ही जाती एकाच नॉबवर होत्या. नॉब फिरवत गेलं की फरक बोटांना कळायचा: एकीकडे बोट आणि आवाज यांच्यात किंचित फट, दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही.

ती फट कुठून येते हे समजून घेतलं की निम्मी निराशा टळते. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिचं एक आवर्तन पुरं व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. पाच तारांच्या बेसची मोकळी बी ३०.९ हर्ट्झची, तिचं आवर्तन ३२ मिलिसेकंदांचं. सूर पक्का करायला किमान एक आणि बहुधा दोन आवर्तनं ऐकावी लागतात. १२० च्या लयीत सोळा भागांतला एक स्वर जेमतेम १२५ मिलिसेकंद टिकतो. त्यातले ५० ओळख पटवण्यातच गेले तर ड्रमच्या मागे राहणार, मग पेडल कितीही महागडं असो.

उपाय फुकट आहे: तीच ओळ वर वाजवा. डी तारेच्या दुसऱ्या पट्टीवरचा (फ्रेटवरचा) ई ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे १२ मिलिसेकंदांचं आवर्तन. पेडलचा आवाज सप्तकभर खाली लावला की तोच मोकळ्या ईच्या खर्जात उतरतो आणि ओळखायला लागणारा वेळ निम्मा होतो. उलट मोकळी ई वाजवून तिच्याखाली आणखी एक सप्तक मागितलं तर २०.६ हर्ट्झ मिळतात. १० इंची स्पीकरमधून तो स्वर ऐकू येत नाही, नुसता कोन पुढेमागे हलतो आणि अँपची ताकद वाया जाते.

आता एकेक पेडल.

बेस मोनो सिंथ नावाप्रमाणे एका वेळी एकच स्वर समजतं. ११ प्रकारचे आवाज, मूळ बेस आणि सिंथ यांचे वेगवेगळे व्हॉल्यूम, संवेदनशीलतेचा एक नॉब, आणि सीटीआरएल नावाचा एक नॉब जो प्रत्येक प्रकारात वेगळं काम करतो. हा शेवटचा नॉब आधी वैताग देतो, पण एकदा लक्षात बसलं की सोय वाटते. एक्स्प्रेशन पेडल (पायाने नॉब फिरवल्यासारखं काम करणारं) जोडता येतं. इथे चूक होते ती संवेदनशीलतेत. ती फार वर ठेवली की डाव्या हाताच्या घसरण्याचा आवाजही नवा स्वर समजला जातो, फार खाली ठेवली की हलके स्वर गिळले जातात. सगळ्यात हलकं जे काही तुम्ही गाण्यात वाजवता ते वाजवा, तो स्वर जिथे नेमका उमटू लागेल तिथून नॉब केसभर वर घ्या आणि तिथेच सोडा. बेस बदलला, विशेषतः पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसवरून अ‍ॅक्टिव्हवर गेलात, तर हे पुन्हा करावं लागतं.

एसवाय-१ ची ताकद वेगळी. ११ प्रकार आणि प्रत्येकाच्या ११ छटा, म्हणजे १२१ आवाज, आणि दोन-तीन स्वर एकत्र वाजवले तरी गोंधळत नाही. गिटार आणि बेस यांसाठी स्विच आहे. तो गिटारवर राहून गेला की खालचे स्वर भुसभुशीत लागतात आणि माणूस पेडलला नावं ठेवतो, तेव्हा आधी तो पाहा. फूटस्विच दाबून धरला की आवाज तसाच थांबून राहतो आणि त्यावर साधा बेस वाजवता येतो. एकट्या बेसवाल्याला किंवा तिघांच्या बँडला ही गोष्ट फार उपयोगाची. उणीव अशी की आवाज साठवून ठेवायची सोयच नाही. एका गाण्यात लीड आणि पुढच्यात ऑर्गन हवा असेल तर मधल्या वेळात वाकून बारीक नॉब फिरवायचे. अंधाऱ्या स्टेजवर हे जमत नाही. सीक्वेन्सचे प्रकार घरी रमवतात, ड्रमरबरोबर क्वचितच जुळतात. आणि निखळ जाड, उद्धट सिंथ बेस हीच एक गरज असेल तर इतके पैसे घालायचं कारण नाही.

बेहरिंगरचं बीएसवाय६०० या यादीत सगळ्यात स्वस्त. आवाज वाईट नाही. पण डबी प्लास्टिकची, आणि पायाखालचं झाकण ज्या बिजागरीच्या खिट्ट्यांवर उभं आहे त्या निसटून हरवतात. घरी टेबलावर, रेकॉर्डिंगपुरतं ठीक. आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्याने वाटेला जाऊ नये.

झूम एमएस-६०बी मुळात मल्टिइफेक्ट आहे. सिंथ हा त्यातला एक कप्पा, पण त्या कप्प्यात दोन्ही जाती सापडतात आणि एका वेळी चार इफेक्ट एकामागे एक लावता येतात. सिंथ, त्यामागे फिल्टर, त्यामागे कंप्रेसर (हलकं आणि जोरात यांतला फरक कमी करणारा), शेवटी ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा), असं सगळं एका डबीत बसतं आणि साठवूनही ठेवता येतं. छोट्या पडद्यावर मेनू उलगडत बसायचा कंटाळा असेल तर मात्र हे पेडल तुमचं नाही. नंतर आलेल्या प्लस मॉडेलमध्ये एकाच वेळी सहा इफेक्ट चालतात.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं जुनं, मोठं, सरकत्या पट्ट्यांचं बेस मायक्रो सिंथ आवाजात या सगळ्यांच्या पुढे आहे. पूर्ण अ‍ॅनालॉग, दुसऱ्या जातीचं, खालच्या तारेवरही बोटाला चिकटून चालणारं. किंमत मात्र 'स्वस्त' या शब्दात बसत नाही, म्हणून ते सोडतो.

आता तो फिल्टरचा मार्ग, कारण सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त आवाज तिथेच आहे. बेस, मग ऑक्टेव्ह, मग फझ, मग एन्व्हलप फिल्टर, म्हणजे छेडण्याच्या जोरावर उघडणारा-मिटणारा फिल्टर. ऑक्टेव्ह अ‍ॅनालॉग आणि एकस्वरी हवा. बॉसचं ओसी-२ यासाठी नावाजलेलं. २०२० मध्ये आलेल्या ओसी-५ च्या व्हिंटेज मोडमध्ये तोच स्वभाव मिळतो. ऑक्टेव्हवर मूळ आवाज शून्य, एक सप्तक खालचा पूर्ण. फझचा सस्टेन अर्ध्यावर, टोन खाली. फिल्टर असा लावा की जोरात छेडलं तरच पूर्ण उघडेल.

आणि इथे एक गोष्ट हमखास बिघडते. फझ आवाजाची उंची सपाट करतो, म्हणजे हलकं आणि जोरात यांतला फरकच पुसून टाकतो. एन्व्हलप फिल्टर तर त्याच फरकावर चालतो. परिणाम: फिल्टर उघडा पडून राहतो आणि हवा असलेला 'व्वाव' निघत नाही. सस्टेन कमी करून थोडं साधतं. फिल्टर फझच्या आधी लावला तर तो हलतो खरा, पण त्याचा फेर फझ झाकून टाकतो. खरा तोडगा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्याच क्यू-ट्रॉन प्लस या एन्व्हलप फिल्टरमध्ये आहे. त्याला इफेक्ट लूप आहे: बेस थेट क्यू-ट्रॉनच्या इनपुटमध्ये, सेंडमधून ऑक्टेव्ह आणि फझ, तिथून परत रिटर्नमध्ये. फिल्टर मग हलतो तो साध्या बेसच्या ताकदीवर आणि गाळतो फझचा आवाज. त्याच घराण्यातल्या मायक्रो आणि नॅनो क्यू-ट्रॉनमध्ये हा लूप नाही, तेव्हा स्वस्त म्हणून ते उचलण्याआधी विचार करा.

ट्रॅकिंग, म्हणजे पेडलचं सूर ओळखणं, सुधारायला बेसवरच बरंच करता येतं. मानेकडचा पिकअप पूर्ण, पुलाकडचा बंद, टोन नॉब अर्ध्याखाली. मूळ स्वर जितका ठळक आणि वरची जवारी जितकी कमी, तितकी ओळख लवकर पटते. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा म्हणूनच या कामाला खरखरीत राउंडवाउंडपेक्षा बऱ्या. न वाजणाऱ्या तारा हाताने दाबून धरणं सक्तीचं आहे, कारण शेजारची मोकळी ए तार नुसती थरथरली तरी एकस्वरी पेडल दोन सुरांत हेलकावे खातं. साखळीत सिंथ अगदी सुरुवातीला, ट्यूनरच्या लगेच मागे. कोरस, डिले, ओव्हरड्राइव्ह सगळं त्याच्या नंतर. सूर ओळखणाऱ्या पेडलच्या आधी हलका कंप्रेसर चालतो, फिल्टरच्या आधी चालत नाही. कारण वर आलंच. सगळ्यांच्या शेवटी ३५ ते ४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास ठेवा. त्याने खर्ज जात नाही, चिखल जातो.

मूळ बेस किती मिसळायचा, यावर मतं आहेत. पहिल्या जातीच्या पेडलमध्ये तो शून्य ठेवावा असं माझं ठाम म्हणणं, कारण मूळ स्वर आधी आणि सिंथ मागून आला की एकाच स्वराचे दोन ठोके ऐकू येतात. दुसऱ्या जातीत चवीपुरता चालतो.

दुकानात तपासायला स्वतःचा बेस घेऊन जा. तिथल्या गिटारवर पेडल तपासणं निरर्थक. ई तारेच्या पहिल्या पट्टीवरचा एफ छेडा आणि तो विझेपर्यंत थांबा. विझताना सूर सप्तकभर वर उडी मारतो का, थरथरतो का, की शांतपणे संपतो? स्वस्त पेडलची लायकी या शेपटीत कळते. मग तोच स्वर बाराव्या पट्टीपर्यंत घसरवत न्या, मग जलद सोळांश, मग मुद्दाम दोन तारा एकत्र. अँपचा व्हॉल्यूम बँडमध्ये असतो तितका ठेवायला सांगा. कमी आवाजात प्रत्येक फिल्टर गोड लागतो, आणि रेझोनन्सचा (फिल्टरच्या टोकदारपणाचा) नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेपुढे नेला तर छोट्या काँबोचा (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्याचा) स्पीकर कुठे ओरडतो तेही तेव्हाच समजतं.

वीजपुरवठ्यात कंजूसपणा नको. यातली डिजिटल पेडल साध्या अ‍ॅनालॉग पेडलच्या अनेकपट करंट ओढतात, एसवाय-१ एकटं शंभराहून जास्त मिलिअँपिअर घेतं. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून पाच पेडलना वायर वाटली की बारीक शीळ ऐकू येते. सिंथला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट द्या. झूमचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधला टोक निगेटिव्ह, ५०० मिलिअँपिअर. बेस मायक्रो सिंथसारखी जुनी मोठी पेडल २४ व्होल्टवर चालतात, त्यांना कंपनीचाच अ‍ॅडॉप्टर लागतो. आणि अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकरवी पेडल मागवणार असाल तर त्यासोबतच्या अ‍ॅडॉप्टरवरचं इनपुट वाचा. १२० व्होल्ट एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो लावायचा नाही. १००–२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा तुकडा पुरतो.