चौदा महिन्यांची इंडक्शन शेगडी आणि ‘ई-शून्य’चा तगादा

गेल्या आठवड्यात आमच्या इंडक्शन शेगडीतला एक कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा सुटा भाग) १८० रुपयांत बदलून मिळाला आणि दोन महिने माळ्यावर पडलेली शेगडी पुन्हा ओट्यावर आली. याच बिघाडासाठी सर्व्हिस सेंटरने संपूर्ण बोर्ड बदलण्याचे १,४५० रुपये सांगितले होते, आणि शेगडी नवी घेतली तेव्हा मी मोजले होते २,३९०. हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून लिहीत आहे. वॅट, बटणे आणि वीजबिल यांबद्दल वाचकांना माहिती असेलच. मला केवळ एका गोष्टीविषयी लिहायचे आहे, ती म्हणजे समोर ठेवलेले भांडे ओळखण्यास शेगडीने दिलेला नकार.

आमच्या शेगडीवर अशा वेळी ‘ई-शून्य’ लुकलुकते, दर दोन-तीन सेकंदांनी आवाज होतो आणि मिनिटभराने ती आपोआप बंद पडते. (हे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे माहितीपुस्तिका रद्दीत घालू नये.) पहिल्याच दिवशी फोडणीच्या कढल्याने हा प्रसंग आणला. या शेगडीवर चुंबक चिकटणारी भांडीच चालतात; कढले जाड लोखंडाचे, चुंबक त्याला घट्ट चिकटते, तरीही नकार. मी दुकानदाराशी वाद घालून आले. नंतर पुस्तिकेत बारीक अक्षरांत सापडले की भांड्याच्या बुडाचा व्यास किमान १२ सेंटिमीटर हवा. कढल्याचे बूड फूटपट्टीने मोजले तर जेमतेम सात. काचेवर चुकून राहिलेला चमचा तापू नये म्हणून लहान वस्तूंकडे दुर्लक्ष करण्याची ही योजना असते, हे समजल्यावर राग थोडा निवळला. मात्र ज्या घरात दोन्ही वेळा वरणाला फोडणी पडते, त्या घराला शेगडी विकताना हे तोंडाने सांगायला हवे, या मतावर मी आजही ठाम आहे.

पितळेची पातेली आणि हिंडालियमच्या कढया या शेगडीवर चालणार नाहीत, याची कल्पना होती. धक्का दिला तो स्टीलने. लग्नात आलेल्या चकचकीत पातेल्याला चुंबक चिकटेना आणि भाजीवाल्याच्या गल्लीतून घेतलेल्या साध्या डब्याला मात्र चटकन चिकटले. निकेल असलेले ३०४ जातीचे स्टील सहसा चुंबकाला दाद देत नाही, ४३० जातीचे देते. भांड्याची किंमत किंवा वजन पाहून यातले काही कळत नाही. चुंबक कडेला न लावता बुडालाच लावून पाहावे, कारण कड एका धातूची आणि बूड दुसऱ्या धातूचे असे पुष्कळदा असते.

आठव्या महिन्यात कुकरने त्रास द्यायला सुरुवात केली. हा ॲल्युमिनियमचा, बुडाला बारीक छिद्रांची स्टीलची चकती ठोकलेला. तोवर रोज त्यात वरण-भात होत होता. मग एक दिवस ओळखे, दोन दिवस ओळखत नसे, किंचित सरकवला की पुन्हा ओळखे. मी सर्व दोष शेगडीला दिला आणि तशी तक्रारही नोंदवली. तक्रार नोंदवल्यावर कुकर उपडा करून बुडावर फूटपट्टी आडवी धरली, तेव्हा मधोमध ती टेकत होती आणि दोन्ही कडांना तिच्याखालून जुने पोस्टकार्ड सहज सरकत होते. त्याआधी एकदा पाणी आटून कुकर कोरडाच तापला होता. बूड फुगले होते आणि चकतीची कड एका बाजूने सुटून तिथे काळी रेघ उमटली होती. काचेखालच्या कॉइलपासून (तारेच्या वेटोळ्यापासून) लोखंड जितके दूर, तितकी त्यांच्यातली पकड सैल. दोष शेगडीचा नव्हता. तक्रार मागे घेतली आणि सपाट बुडाचा स्टीलचा कुकर घेतला.

या चुकीची किंमत पुढे मोजावी लागली. अकराव्या महिन्यात शेगडीने सगळीच भांडी नाकारली, अगदी बिडाचा सपाट तवासुद्धा. या वेळी दोष भांड्याचा असणे शक्य नव्हते. परंतु सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत माझी जुनी तक्रार होती, त्यामुळे “मॅडम, तुमची भांडी बघा” एवढेच उत्तर मिळाले. शेगडी त्यांनी नऊ दिवस ठेवून घेतली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत केली. घरी आणल्यावर दोन दिवस चालली, मग पुन्हा तेच. वर्षाची वॉरंटी संपल्यानंतरच्या आठवड्यात त्याच खिडकीवर बोर्ड खराब असल्याचे निदान झाले. बिडाचा तवा मी सोबत नेला असता आणि त्यांच्यासमोर ठेवून दाखवला असता, तर तो शेरा मारता आला नसता. ते मला तेव्हा सुचले नाही.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने शेगडी उघडली, पंख्याजवळचे एक वाळके झुरळ चिमटीने बाजूला काढले आणि कॉइलच्या जोडीला असलेला कॅपॅसिटर मोजला. त्यावर ०.३ मायक्रोफॅरॅड (वीज साठवण्याच्या क्षमतेचे माप) छापले होते, मीटर बरेच कमी दाखवत होते. “काकू, काशाच्या ताटलीला टिचकी मारली की नाद घुमत राहतो, बोट टेकवलं की थांबतो. भांडं म्हणजे ते बोट,” असे त्याने समजावले. शेगडी आधी एक क्षणिक विद्युत्स्पंद सोडते आणि कॉइल-कॅपॅसिटरमध्ये किती आंदोलने होतात ते मोजते. भांडे असले की ती लवकर विरतात, नसले की बराच वेळ चालतात. कॅपॅसिटर थकला की ही मोजणीच चुकते, आणि काचेवर तवा असूनही शेगडीला ओटा रिकामाच भासतो. (हे घरी उघडून पाहण्याचा मोह आवरावा, प्लग काढल्यानंतरही आतील भागांत काही काळ वीज साठून राहू शकते.)

दुरुस्तीनंतर आठ दिवसांत एकदाही ‘ई-शून्य’ दिसलेला नाही. नवा कुकर आणि तवा ठेवताक्षणी ओळखले जातात, दूध तापते, चहा होतो. कढले मात्र गॅसवरच ठेवावे लागते, आणि त्या एका फोडणीसाठी मी अजूनही सिलिंडर भरून ठेवते.