ठाण्यात घर बदललं आणि मीटरची अदलाबदल झाली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ऑगस्टमध्ये आम्ही गोरेगावहून ठाण्याला, पाचपाखाडीतल्या एका जुन्या इमारतीत राहायला आलो. रिसेलचा फ्लॅट. मुंबई उपनगरात वीज कंपनी निवडता येते, आमच्या मजल्यावरच दोन वेगवेगळ्या कंपन्यांची बिलं यायची. ठाण्यात तो प्रश्नच नाही, त्यामुळे बिलावरचं नाव बदललं की विजेचं काम संपलं, असं मी धरून चालले होते.

सप्टेंबरचं बिल आलं ७४ युनिटचं. घरात चार माणसं, गीझर, वॉशिंग मशीन, रात्री एसी. गोरेगावला आम्ही तीनशेच्या खाली क्वचितच यायचो. पहिलं बिल पूर्ण महिन्याचं नसेल असं वाटलं, भरून टाकलं आणि विसरले. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याच महिन्यात समोरच्या काकूंना ३१८ युनिटचं बिल आलं होतं. काकू सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. एक फ्रिज, दोन पंखे, संध्याकाळी टीव्ही. कुणाला न सांगता त्यांनी ते पेन्शनमधून भरलं. ऑक्टोबरचं ३६२ युनिटचं आलं तेव्हा मात्र बिल घेऊन आमच्या दारात आल्या. "अगं, तुमच्याकडेही एवढंच येतं का गं?"

दोन्ही बिलं जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवली आणि लख्ख कळलं. काकूंच्या हातातलं बिल आमचं होतं.

खात्री करायला दहा मिनिटं लागली. मी खाली मीटर केबिनमध्ये उभी राहिले, नवरा वर फोनवर. आधी त्याने घरातला मेन स्विच बंद केला. आमच्या फ्लॅटचा नंबर रंगवलेल्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला, काकूंच्या मीटरचा थांबला. मग फक्त गीझर लावला. मीटरवर '३२०० इम्प' असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. दोन हजार वॉटचा गीझर तासाला दोन युनिट खातो, म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ वेळा. मी मोजले, १०५ भरले. काकूंच्या मीटरवर.

हे झालं कसं, तेही सेक्रेटरींशी बोलल्यावर उलगडलं. मे महिन्यात सोसायटीने केबिनमधलं कुजलेलं लाकडी पॅनेल बदललं होतं. परत जोडताना दोन घरांकडे जाणाऱ्या वायरी उलटसुलट लागल्या. आमचा फ्लॅट तेव्हा बंद होता. जून-जुलैत काकूंना शून्य युनिटचं बिल आलं, त्यांना वाटलं रीडिंगवाला आलाच नसेल. जुने मालक पुण्यात, त्यांच्या खात्यातून बंद घराचं बिल आपोआप जात राहिलं.

सोसायटीचा वायरमन म्हणाला, "ताई, पाच मिनिटांत वायर फिरवून देतो." मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. मीटरच्या खालच्या झाकणाला कंपनीचं सील असतं. ते तुटलं की आपणच संशयाच्या जागी जातो, आणि आधी अदलाबदल होती याचा पुरावाही हातातून जातो.

वीज कंपनीच्या ॲपवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज आला. कुणीही आलं नव्हतं. पुन्हा केली, पुन्हा तेच. बिल भरायला, रीडिंग बघायला ॲप चांगलं आहे, पण असल्या तक्रारीचा त्यात काही उपयोग झाला नाही. मग काकूंनी आणि मी मिळून एकच अर्ज लिहिला. दोन्ही ग्राहक क्रमांक, दोन्ही मीटर क्रमांक, दोघींच्या सह्या, सेक्रेटरींचं पत्र. उपविभागाच्या कार्यालयात दिला आणि प्रतीवर आवक शिक्का घेतला. खिडकीवर विचारलं, "मॅडम, कनेक्शन तुमच्या नावावर कुठंय?" इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, सोबत होता म्हणून निभावलं.

काकूंचा खरा घोर वेगळाच होता. "बिल नाही भरलं तर वीज तोडतील ना?" याचं उत्तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. काकूंनी सरासरीची रक्कम भरली, पावती फाइलला लावली. त्या रात्री शांत झोप लागली, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी तंत्रज्ञ आला. अत्यंत नीट काम केलं त्याने. दोन्ही घरं आळीपाळीने बंद करून तपासली, पाहणीच्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या, वायरी बदलल्या, नवीन सील लावलं. बिलांची दुरुस्ती मात्र जानेवारीपर्यंत लांबली. कंपनीने दाद दिली नाही तर जिथे जाता येतं, त्या ग्राहक तक्रार निवारण मंचाचा अर्ज मी भरून ठेवला होता, तो द्यावा लागला नाही.

दुरुस्ती करताना एक गोष्ट आवर्जून बघा. एका खात्यातले युनिट दुसऱ्या खात्यात ज्या-त्या महिन्यालाच टाकले पाहिजेत. १००, ३०० आणि ५०० युनिटला दर बदलतो. सगळे युनिट एकाच महिन्यात टाकले तर वरच्या टप्प्याचा दर लागतो. पहिल्या हिशोबात आमच्याबाबत तेच झालं होतं, दाखवल्यावर बदलून दिलं. काकूंचे जास्तीचे पैसे पुढच्या बिलांत वळते झाले. जून-जुलैचे युनिट त्यांच्या खात्यात आले, ते त्यांनी स्वतः आठवण ठेवून भरले. जुन्या मालकांनी भरलेली रक्कम आमच्या खात्यात जमा दिसली, ती आम्ही त्यांना पाठवली.

नाव बदलण्याचा अर्ज मी हे सगळं मिटल्यावरच केला. रिसेल घर घेणाऱ्यांनी ताबा घेतल्याच्या दिवशीच मेन स्विच बंद करून खाली मीटर बघून यावं, मग बिलावरच्या मीटर क्रमांकाशी ताडून नावाचा अर्ज करावा. आता ठिकठिकाणी स्मार्ट मीटर बसतायत. मीटर बदलला जाईल तेव्हा जुन्याचं शेवटचं रीडिंग फोटोत घ्या आणि हीच चाचणी नव्यावर करा.

मार्चचं बिल आमचं २९४ युनिट, काकूंचं ७१. दर एक तारखेला आम्ही दोघी खाली जाऊन रीडिंग घेतो. वही काकूंकडे असते, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा खूप चांगलं आहे.