अ‍ॅक्सोलॉटलचा 'संपूर्ण संच' : पाचपैकी दोन तारे, तेही काचेसाठी

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी. तो पाळायच्या या संचाच्या खोक्यात काचेची टाकी, फिल्टर, दिवा, रंगीत खडी, लपायला गुहा, थर्मामीटर आणि पाण्यावर तरंगणारं एक प्लॅस्टिकचं फळकूट. हे कशाला, म्हणून माहितीपत्रक उघडलं. 'प्राणी मोठा झाल्यावर कल्ले गळतील व तो पाण्याबाहेर येईल, तेव्हा वापरावे.'

आमचा अ‍ॅक्सोलॉटल बाळ्या सहा वर्षांचा आहे. चांगला वीतभर लांब, आणि त्याला पिल्लंसुद्धा होऊन गेली. तरी डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन-तीन तुरे जन्मापासून आहेत तसेच आहेत. आईने माहितीपत्रक वाचून विचारलं, "अगं, मग याचे कधी गळणार?" म्हटलं, "आई, त्याचं सगळं मोठेपण हेच."

बेडकाच्या पिल्लाचा बेडूक होतो तो थायरॉइडच्या संप्रेरकामुळे. अ‍ॅक्सोलॉटलच्या शरीरात त्या ग्रंथीला हवा तेवढा धक्काच बसत नाही, म्हणून तो डिंभाच्याच, म्हणजे कल्लेवाल्या पिल्लाच्याच रूपात वयात येतो. याला नियोटेनी म्हणतात. बाहेरून थायरॉइडचं संप्रेरक दिलं तर त्याचे कल्ले झडतात आणि तो जमिनीवरचा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) होतो, पण ते प्रयोगशाळेतलं काम, घरी करायचं नाही. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने त्याच्या नात्यातल्या टायगर सॅलमँडरबद्दल वाचलं असावं. तो सहसा मोठा होऊन पाण्याबाहेर पडतो. बिचाऱ्याला फार हसत नाही, कारण १८६५ साली पॅरिसमध्ये याच्या उलट फजिती झाली होती. मेक्सिकोहून आणलेल्या अ‍ॅक्सोलॉटलना पिल्लं झाली, आणि त्यातली काही कल्ले टाकून चक्क जमिनीवरचे प्राणी झाली. ते पाळणारे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल बघतच राहिले.

फळकुटाचं एक वेळ चालवून घेतलं असतं. खडीचं नाही. अ‍ॅक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्यात खडाही जातो. बाळ्याने तिसऱ्याच दिवशी एक निळा खडा गिळला. तो बाहेर पडेपर्यंत चार दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. आता तळ उघडाच ठेवलाय. बारीक वाळूही चालते.

फिल्टर ताकदवान आहे, पण माशांसाठी. याला साचलेलं, संथ पाणी लागतं. पहिल्या संध्याकाळी पाहिलं तर बाळ्याचे कल्ले पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक आकडी घातल्यासारखं. प्रवाह सोसत नसल्याची ही खूण. मी फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला आणि धार काचेकडे वळवली, तेव्हा तो सैलावला.

दिव्याचं तर काय सांगावं! हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावरचा. त्याला १६ ते १८ अंश मानवतं, २४ च्या पुढे हाल होतात. हा दिवा दोन तास लावला तर संचातलाच थर्मामीटर २३ दाखवतो. शिवाय याला पापण्या नाहीत, डोळे मिटायची सोय नाही. दिवा कपाटात गेला. त्या जागी पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा बसवला, त्याने दोनेक अंश उतरतात. खरं तर संचात पाणी थंड करणारा चिलरच हवा होता.

'त्याच दिवशी प्राणी सोडावा' असंही छापलंय. कृपा करून हे ऐकू नका. टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्याकडे जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज होता म्हणून निभावलं. पाणी तपासायच्या पट्ट्या संचात नाहीत, त्या वेगळ्या घ्या.

चांगलं म्हणाल तर काच जाड आहे, सांधे गळत नाहीत, झाकण पक्कं बसतं. गुहा बाळ्याला पहिल्या रात्रीपासून आवडली. दोन तारे यांचेच. टाकी सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या.

फळकूट मात्र टाकलं नाही. खिडकीतून उजेड येतो त्या बाजूला ते तरंगत ठेवलंय आणि दुपारभर बाळ्या त्याच्या सावलीत पडून असतो. मधूनच वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि परत खाली जातो. फळकुटावर चढायचा विचार त्याने अजून केलेला नाही.