फराळाच्या ऑर्डरी: ब्रॉडकास्ट लिस्ट की चॅनल?

व्हॉट्सअ‍ॅपवर घरगुती फराळ विकणाऱ्यांपुढे 2023 पासून दोन रस्ते आहेत. जुना रस्ता ब्रॉडकास्ट लिस्टचा, नवा चॅनलचा.

ब्रॉडकास्टमध्ये एकच निरोप अनेकांना एकदम जातो, एका लिस्टला जास्तीत जास्त 256 जण. निरोप प्रत्येकाच्या खासगी चॅटमध्ये पडतो, उत्तरही तिथेच येतं: ‘चकली 1 किलो, भाजणीची’. ऑर्डर घ्यायला याहून सोपं काही नाही. गोची एकच, पण मोठी. गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल, तर निरोप पोचतच नाही आणि तुम्हाला वाटतं, यंदा मागणी नाही. म्हणून डबा देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा, झाकणावर तशी चिठ्ठी चिकटवा. रोज निरोप धाडू नका. लोक ब्लॉक किंवा रिपोर्ट करतात आणि मग खात्यावरच निर्बंध येऊ शकतात.

चॅनल म्हणजे लोकांनी फॉलो करायचं, फक्त तुम्हीच पोस्ट टाकायचं पान. त्याला संख्येची अडचण नाही, नंबर सेव्ह असण्याचीही अट नाही. पण पोस्ट ‘अपडेट्स’ टॅबमध्ये जाते, जिथे बरेच जण डोकावतही नाहीत. खासगी चॅटही आपोआप उघडत नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमधली शॉर्ट लिंक, जी दाबली की तुमच्याशी चॅट उघडते, प्रत्येक पोस्टखाली हवीच, नाहीतर नुसते बदाम आणि अंगठे गोळा होतात.

दोनेकशे नेहमीची गिऱ्हाइकं असतील, तर ब्रॉडकास्टच. चॅनलचा उपयोग अनोळखी लोकांपर्यंत दरपत्रक पोचवायला.

एक मात्र करा: नाव, नंबर, पत्ता वहीत उतरवून ठेवा. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथले फॉलोअर कुणालाच सोबत नेता आले नाहीत.