न बदललेल्या फिल्टरचे ३,८०० रुपये

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. गाडी पेट्रोलची, २०१६ ची. ऑफिसला लोकलनेच जात होतो आणि आता निवृत्त झालो, त्यामुळे गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. गणपतीला गावी, मे महिन्यात एकदा, आणि मधेअधे कुणाचं लग्नकार्य. पावसाळ्यात तर ती बिल्डिंगखाली उभीच असते. माझ्यासारख्या अशा गाड्या मुंबईत प्रत्येक सोसायटीत आहेत, म्हणून हे लिहितोय.

गणपतीला आठ दिवस असताना चावी फिरवली. सेल्फ (बॅटरीवर फिरून इंजिन सुरू करणारी मोटर) दोनदा कण्हला आणि मग नुसतं टकटक. गॅरेजवाल्याला फोन केला. त्याचा मुलगा आला, दुसऱ्या बॅटरीने जम्प देऊन गाडी चालू केली आणि घेऊन गेला. तासाभराने फोन: "काका, गाडी तीन महिने उभी होती ना? आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. पेट्रोलचा फिल्टर पूर्ण चोक आहे. असंच गावाला निघालात आणि हायवेवर रात्री बंद पडली तर? काकू बरोबर असणार."

त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग खरा होता, म्हणूनच मी फसलो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा शोषतं हे खरंच आहे. पाणी फार झालं तर ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. हे मी वाचलेलं होतं. मुंबईचा पावसाळा, अर्धी रिकामी टाकी, सगळं जुळत होतं. मी हो म्हणालो.

व्हॉट्सअ‍ॅपवर काळ्याकुट्ट फिल्टरचा फोटो आला. संध्याकाळी चिठ्ठी मिळाली: फिल्टर ३,८००, टाकी साफ करणे २,५००, इंजेक्टर क्लीनिंग ३,०००, मजुरी १,५००. एकूण १०,८००. यूपीआयने दिले. जुना फिल्टर मागितला तर "काका, कचऱ्यात गेला" म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

गावाहून सुखरूप परत आलो. बारा दिवस गाडी उभी राहिली आणि पुन्हा तेच, सेल्फ कण्हला.

या वेळी ठाण्याच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने आधी बोनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली होती. मीटर लावला तर ११.८ व्होल्ट. चांगली चार्ज झालेली बॅटरी बंद गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. बॅटरी पाच वर्षांची होती. तो म्हणाला, "काका, पेट्रोल पोचत नसेल तर सेल्फ जोरात फिरतो, फक्त इंजिन पकडत नाही. तुमचा सेल्फच फिरत नाहीये. याचा फिल्टरशी काय संबंध?" फिल्टर चोंदला असता तर चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी दम सोडते, झटके देते. गावाला जाताना-येताना असं एकदाही झालं नव्हतं.

मग त्याने विचारलं, फिल्टर बदलला कुठून? माझ्या गाडीत फिल्टर टाकीच्या आत, पंपाच्या संचातच बसवलेला आहे, आणि तिथे पोचायचं तर मागची सीट उचलावी लागते. त्याने सीट उचलली. खाली पत्र्याचं झाकण, त्यावर धुळीचा सलग थर. नातवाचा लाल खडू गेल्या उन्हाळ्यात सीटच्या फटीत पडून वितळला होता, तो झाकणाच्या कडेवरून पलीकडच्या पत्र्यापर्यंत घट्ट चिकटलेला. झाकण एकदा जरी उघडलं असतं तरी तो तुटला असता. तो अखंड होता.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो त्याला दाखवला. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू होता. "हा डिझेल गाडीचा आहे," तो म्हणाला. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी वेगळं साठतं आणि ते अधूनमधून काढावं लागतं, म्हणून तो स्क्रू असतो. माझी गाडी पेट्रोलची.

त्या रात्री मी पहिल्यांदा गाडीची पुस्तिका नीट वाचली. माझ्या मॉडेलमध्ये पेट्रोल फिल्टर ठराविक मुदतीने बदलायचा असं कुठेच लिहिलेलं नाही. शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीत मात्र मुदत आहे: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. कमी चालणाऱ्या गाडीत किलोमीटर कधीच भरत नाहीत, महिने मात्र भरतात, म्हणून तिथे तारखेकडेच बघायला हवं. जुन्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर खाली पाइपलाइनमध्ये असतो, त्यांचंही तसंच. तुमच्या गाडीत तो कुठे आहे आणि त्याची मुदत काय, हे गॅरेजमध्ये जायच्या आधी पुस्तिकेत बघा. काम होताना समोर उभं राहा, आणि जुना भाग डिकीत टाकून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. उभ्या गाडीचं पहिलं दुखणं बहुतेक वेळा बॅटरीचंच असतं. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात.

नवी बॅटरी टाकली. आता दर रविवारी अर्धा तास ऐरोलीपर्यंत फेरी मारतो.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मालक आधी म्हणाला, "काका, पोराकडून चूक झाली." खडूचा फोटो दाखवल्यावर फिल्टरचे ३,८०० परत केले. टाकी साफ केल्याचे पैसे मात्र द्यायला तयार नाही, जरी ते झाकण न उघडता टाकी साफ होऊच शकत नाही. त्या चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. मी पक्कं बिल मागितलं नव्हतं. यूपीआयने पैसे दिले म्हणून निदान तेवढी नोंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, चिठ्ठी आणि दोन्ही फोटो तयार ठेवले आहेत. उरलेल्या ७,००० साठी पाठपुरावा चालू आहे.