बाबांच्या माघारी: ई-हक्क, बँक आणि इन्कम टॅक्स, आठ महिन्यांचा अनुभव

तेरवी आटोपली त्याच रात्री दादाचा इंग्लंडहून फोन. "प्रोबेटला किती दिवस लागतील? आणि टॅक्स किती जाईल?" त्याचंही बरोबर आहे. तिकडे माणूस गेला की मागे राहिलेल्यातल्या सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर साधारण 40 टक्के कर बसतो. आपल्याकडे असा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, 1985 सालीच बंद झाला. आणि बाबांनी मृत्युपत्र केलेलंच नव्हतं, मग प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) कशाचं? असतं तरी इथे नागपुरात ते सक्तीचं नाही. हे ऐकून दादा खूश झाला, म्हणाला, "मग सोपंच आहे की." त्या "सोपंच" शब्दाचे हे आठ महिने.

आधी ई-हक्क, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदींसाठी ऑनलाइन अर्ज करायचं सरकारी पोर्टल. काटोल तालुक्यात बाबांनी नोकरीत असताना घेतलेली अडीच एकर संत्र्याची बाग आहे. वारस नोंदीचा अर्ज मी घरी बसून, रात्री अकरा वाजता भरला. मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र एवढंच अपलोड करायचं. मी वारस लिहिले तीन: आई, दादा, मी. दोन आठवड्यांनी पटवाऱ्याचा फोन आला. (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, आमच्याकडे सगळे पटवारीच म्हणतात.)

"ताई, तुमच्या बाबांची आई आहे का हो?"

आहे ना. आजी एक्क्याण्णव वर्षांची, काकांकडे काटोललाच असते. मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्यात त्याची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे बागेत चौथा हिस्सा तिचा. मी एम.कॉम. आहे, दादा इंजिनिअर आहे, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही. तेरवीच्या पंगतीत ती आमच्यासमोरच बसली होती.

प्रतिज्ञापत्र नवीन केलं. फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत बदल करायची) नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. हे सगळं 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर रोज बघता येतं, मी नको तितक्या वेळा बघितलं. ई-हक्कला पाचपैकी साडेचार. अर्धा मी माझ्याच चुकीचा कापते, कारण अर्ज तुम्ही लिहाल तेवढंच घेतो, विसरलेली आजी आठवून द्यायला माणूसच लागला.

बँक. जिथे नॉमिनी आई होती तिथे दोन चकरांत काम झालं. मात्र नॉमिनी झाली म्हणजे ती मालक झाली असं नाही, ती फक्त पैसे ताब्यात घेते, हक्क वारसांचाच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं विम्याबाबत 1983 मध्ये (विम्याचा तो कायदा पुढे 2015 मध्ये बदलला) आणि शेअरबाबत 2023 मध्ये हेच सांगितलंय. आमच्याकडे भांडण नव्हतं म्हणून निभावलं.

दुसऱ्या एका बँकेत बाबांची एफडी होती, नॉमिनी कोणीच नाही. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा," म्हणजे वारस असल्याचा कोर्टाचा दाखला. रक्कम होती सहा लाख. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनांप्रमाणे 15 लाखांपर्यंत भांडण नसेल तर व्यापारी बँकेनं हे मागायचं नाही (सहकारी बँकांना ही मर्यादा 5 लाख आहे). कागद पूर्ण झाले की 15 दिवसांत पैसे द्यायचे. मी त्या सूचनांचं प्रिंट काढून, त्या ओळीखाली पिवळी रेघ ओढून नेलं. बाईंनी ते वाचलं, साहेबांकडे नेलं, परत आल्या आणि फॉर्म दिला. बाकी वारसांचं ना-हरकत लागलं, म्हणजे पुन्हा आजी. नियम माहीत नसता तर मी त्या दिवशी न्यायमंदिरात (जिल्हा कोर्टात) वकील शोधत फिरले असते.

इन्कम टॅक्सचं काम मला सगळ्यात अवघड वाटलं होतं, ते सगळ्यात सरळ निघालं. पोर्टलवर आईची कायदेशीर वारस म्हणून नोंदणी केली. बाबा सरकारी नोकरीतले, त्यामुळे पुरावा म्हणून आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं पत्र चाललं. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, त्यानंतरचं एफडीचं व्याज वारसांच्या. म्हणून पॅन घाईनं परत करू नका, त्यांचं रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत तरी. वारशानं मिळालं त्यावर कर नाही, पण उद्या घर विकलं तर भांडवली नफा बाबांच्या खरेदी किमतीवरून मोजतात. खरेदी 2001 च्या आधीची असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजार किंमत धरता येते. बाबांची जुनी रजिस्ट्री (खरेदीखत) रद्दीत जाता जाता वाचली ती याच कारणानं.

आता घर. ते आईच्या आणि बाबांच्या दोघांच्या नावावर, म्हणजे बाबांच्या अर्ध्यात परत आम्ही चौघं. हिस्से आईला द्यायचे ठरले. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, 500 रुपयांच्या मुद्रांकावर झालं, पण ते नोंदवावं लागतं. दादानं तिकडच्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशातून आलेल्या अशा कागदाला इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो, हे लक्षात ठेवा.

आजीला म्हटलं, अधिकारी घरी येऊन नोंदणी करायची सोय असते. म्हणाली, "मी काय अंथरुणावर पडली का?" काटोलहून गाडीत बसून आली. नोंदणी कार्यालयात यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. पुसला, पुन्हा ठेवला, उमटेना. उजवा झाला, डावा झाला. इतकी वर्षं बागेत खुरपं चालवून रेषाच राहिल्या नव्हत्या. ऑपरेटरनं शेवटी एकेक बोट करत करंगळीवर गाडी आणली, तेव्हा हिरवा दिवा लागला.

परत जाताना वकिलांनी सहज विचारलं, बागेचंही हक्कसोड करून टाकायचं का, पुढे सोयीचं जातं. खरं आहे ते. आजीनंतर तिचा हिस्सा काका, आत्या आणि आम्ही असा परत वाटला जाईल, सातबाऱ्यावर नावांची रांग लागेल.

आजी म्हणाली, "घर तुझ्या मायचं, ते दिलं. बागेत माझं नाव राहू दे न. पोराच्या जागी हाय ते."

वकील गप्प बसले. मीही पुढे विचारलं नाही. नवीन सातबारा डाऊनलोड करून तिला पाठवलाय, चष्मा लावून रोज बघते असं काका सांगतात. बाबांच्या कागदी शेअरचं काम मात्र अजून बाकी आहे. तिथे त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं आहे, आणि ते दोघं एकच माणूस होते याचं प्रतिज्ञापत्र सोमवारी करायचंय.