घरच्या वर्कशॉपमध्ये २ एचपी कॉम्प्रेसर बसवला, त्याचा दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या खंडेनवमीला घरी हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर आणला. २ एचपी, बेल्टवाला, सिंगल फेज, ११० लिटरची आडवी टाकी, लोकल मेक. आता श्रावण लागलाय म्हणजे दहा महिने होत आले. मशीन चांगलं आहे, रिकामी टाकी ८ किलोपर्यंत (म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८ किलो दाब) भरायला पाचेक मिनिटं लागतात, लाकडात पिना मारायच्या पिन गनला भरपूर पुरतं, स्प्रे गनला मध्ये मध्ये थांबावं लागतं. पण मला लिहायचंय ते मशीनपेक्षा ते बसवण्याबद्दल, कारण पहिले साडेतीन महिने मी ते चुकीचं बसवलेलं होतं आणि टाकीच्या पायाला तडा गेल्यावर ते कळलं. ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं नाशिकच्या सिडकोत रो हाऊस आहे, खालच्या पार्किंगला शटर लावून मी १० बाय १४ ची वर्कशॉप केलीय. छोटं फर्निचर, पॉलिशचं काम, सगळं सुट्टीच्या दिवशी. उजवीकडची भिंत शेजारच्या काकूंच्या किचनला कॉमन. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

दुकानातून मशीन पोचवायला जो मेकॅनिक आला त्याने अर्ध्या तासात काम उरकलं. कोपऱ्यात भिंतीला लागून ठेवलं, कोब्यात चार होल मारले, अँकर फास्टनर ठोकले आणि पान्याने दम लागेपर्यंत नट आवळले. बाबा बाजूला उभे होते, सातपूरला मशीन शॉपमध्ये तीस वर्षं काढलीयत त्यांनी. त्यांनी एवढंच विचारलं, "लेव्हल बघितली का?" मेकॅनिक म्हणाला काका लेथ थोडीच आहे, कॉम्प्रेसर आहे, घट्ट असला की हलत नाही. मला पण तेच बरोबर वाटलं.

पार्किंगचा कोबा शटरकडे उतरता असतो, गाडी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून. आणि तो एकसारखा सपाटही नसतो, त्यामुळे मशीनचे तीन पाय टेकत होते आणि चौथा, पंपाच्या बाजूचा, साधारण ४ मिमी वर होता. नट आवळला तसा तो पाय ओढून खाली आणला गेला. दिसायला सगळं सरळ झालं, पण म्हणजे टाकीला कायमचा पीळ बसला. त्यात पिस्टनचा प्रत्येक फेरा वर-खाली हादरा देतोय आणि टाकी स्वतः भरताना फुगते, रिकामी होताना आकसते, अगदी कणभर, पण दर वेळी. हे सगळं त्या एका वेल्डिंगवर येत राहिलं.

लक्षणं पहिल्या आठवड्यापासून होती, मलाच वाचता आली नाहीत. नट दर आठ-दहा दिवसांनी सैल व्हायचे, मी अजून आवळायचो. आणि काकू एकदा संध्याकाळी दारात आल्या, म्हणाल्या, "अरे तुझं ते यंत्र सुरू झालं ना की आमच्या मांडणीवरचे डबे वाजतात रे, आजोबा दुपारी झोपलेले दचकून उठतात." मला फार वाईट वाटलं. आजोबा पंच्याऐंशीचे आहेत. मी दुपारचं काम बंद केलं, पण कारण शोधलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ऑइल बदलताना टाकी पुसत होतो तेव्हा त्या चौथ्या पायाच्या वेल्डिंगच्या कडेने केसासारखी तपकिरी रेघ दिसली. पुसली, दोन दिवसांनी परत आली. ती गंजाची भुकटी असते, तडा गेलेल्या फटीत दोन कडा एकमेकींवर घासल्या की बाहेर येते. रंग उडाला असेल म्हणून सोडून देऊ नका, पायाजवळ अशी रेघ दिसली की मशीन बंद करा आणि टाकी रिकामी करा.

आणि हे कळकळीने सांगतो, गल्लीतल्या वेल्डरकडून टाकीला टाका मारून घेऊ नका. ११० लिटरमध्ये ८ किलोची हवा म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग आहे, फाटली तर पत्रा उडतो आणि माणूस मरतो. माझं नशीब की तडा पायाच्या पट्टीत होता, टाकीच्या पत्र्यात गेलेला नव्हता. अंबडला टाक्याच बनवणाऱ्याकडे नेली, त्याने पाय कापून नवीन बसवला आणि मग टाकीत पाणी भरून, कामाच्या प्रेशरपेक्षा जास्त दाब देऊन टेस्ट केली. पाणीच का तर पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तरी नुसतं गळतं, हवेसारखा स्फोट होत नाही. दुकानदाराने वॉरंटीत घेतलं नाही, म्हणाला बोल्टिंग आमच्या कागदावर नाही. बोल्टिंग त्याच्याच माणसाने केलं होतं. त्याचा राग अजून आहे.

तर दुसऱ्यांदा बसवताना बाबांना पुढे केलं. ते म्हणाले आधी पाया सरळ करू, मग बाकीचं. भिंतीपासून दीड फूट सोडून ४ इंच उंचीचा सिमेंटचा ओटा घातला, पाणसळ लावून सपाट केला, आठ दिवस पाणी मारलं. उंचीचा फायदा असा की टाकीच्या पोटाखालचा, साचलेलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक आता हाताला येतो, आधी जमिनीवर झोपून उघडायला लागायचा म्हणून मी टाळायचो. भिंतीपासून लांब ठेवायचं अजून एक कारण आहे, पंपाची मोठी पुली हाच सिलेंडर गार करणारा पंखा असतो, बेल्टगार्ड (पुली-बेल्टवरची जाळी) भिंतीला चिकटवला तर तो गरम हवाच फिरवत बसतो.

मग रबर पॅड. इथे मी परत चुकलो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते काळे, रेघांचे, १२ मिमी जाडीचे कडक पॅड आणले, चारी पायांखाली घातले, आणि हादरा कमी व्हायच्या ऐवजी वाढला! काकूंचे डबे परत. मला वाटलं ओटाच वाईट झाला. मग बाबा आणि मी वही घेऊन बसलो आणि हिशोब केला तेव्हा उलगडा झाला.

माझा पंप मिनिटाला साधारण ८५० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला १४ धक्के. आता रबरावर ठेवलेलं मशीन स्वतः पण एका ठराविक वेगाने वर-खाली झुलतं, आणि तो वेग रबर मशीनच्या वजनाने किती दबलं त्यावर ठरतो. १ मिमी दबलं तर झोका सेकंदाला जवळपास १६ वेळा, ५ मिमी दबलं तर ७ वेळा. माझे कडक पॅड जेमतेम १ मिमी दबत होते. म्हणजे झोका १६, धक्के १४, अगदी शेजारी शेजारी. झोपाळ्यावर पोर बसलेलं असताना बरोबर लयीत धक्का दिला की झोपाळा चढतो ना, तसंच मी करत होतो. पॅड नसते तर बरं अशी अवस्था. झोका धक्क्याच्या निम्म्यावर आणायचा, मग हादरा खाली फारसा उतरत नाही. म्हणजे मला ४ ते ५ मिमी दबणारं मऊ आणि उंच रबर पाहिजे होतं. तुमचा पंप हळू फिरणारा असेल तर अजून जास्त दबणारं लागेल, आणि मिनिटाला २८०० फेऱ्यांचं छोटं, बिनबेल्टचं डायरेक्ट मशीन असेल तर १ मिमीवर पण काम होतं, म्हणून एकाचं बघून दुसऱ्याने पॅड घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे चारी पायांवर वजन सारखं नसतं. घरातला वजनकाटा एका पायाखाली आणि बाकी तिघांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, असं करत चारी पाय मोजले. पंप-मोटरच्या टोकाला ३८ आणि ३६ किलो, दुसऱ्या टोकाला २२ आणि २१. सगळीकडे एकच पॅड घातला असता तर एक टोक जास्त दबून मशीन तिरकं बसलं असतं, आणि तिरकं चालत नाही कारण या पंपात ऑइल पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा ऑइल उडवून सगळीकडे लावतो. मशीन कललेलं असेल तर ऑइलच्या काचेत लेव्हल बरोबर दिसते आणि आत चमचा कोरडा फिरतो.

सातपूरला एका रबर मोल्डिंगवाल्याकडून ४० मिमी उंचीचे, मध्ये भोक असलेले मऊ गोल पॅड करून घेतले, पंपाच्या बाजूला ५५ मिमी व्यासाचे आणि दुसरीकडे ४२ चे. त्याला शोअर ४० (रबराच्या कडकपणाचं माप) सांगितलं, त्याने फक्त विचारलं ऑइल लागणार का, हो म्हटल्यावर नायट्राइल दिलं, कारण साधं रबर ऑइलने फुगतं. चारी मिळून हजाराच्या आत. ठेवल्यावर मोजलं तर एकीकडे साडेचार आणि एकीकडे चार मिमी दबले. मन भरून आलं खरं सांगतो, वहीतला आकडा फरशीवर उतरला होता.

बोल्ट काढून टाकले नाहीत. ओट्यातून स्टड वर येतो, पॅडच्या आणि पायाच्या भोकातून जातो, पायाच्या भोकात रबरी बुश आहे म्हणजे लोखंड लोखंडाला लागत नाही, आणि वर वॉशर-नट पण पायापासून ३ मिमी वर सोडून, त्यावर तो फिरू नये म्हणून दुसरा, चेक नट. म्हणजे मशीन झुलू शकतं पण चालत जाऊ शकत नाही, पडू शकत नाही. ज्याला ज्याला दाखवतो तो पहिल्यांदा म्हणतो नट सैल राहिलाय की. सैल राहिलेला नाही, सोडलाय. मशीनला जागेवर ठेवायचंय, आवळून गप्प बसवायचं नाहीये.

मऊ पॅडचा एक तोटा आहे तो पण सांगतो, सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना मशीन दोन-तीन मोठे झोके घेतं, कारण थांबता थांबता स्पीड त्या ७ च्या आकड्यातून जातो. बघणाऱ्याला भीती वाटते. त्यामुळे टाकीपासून थेट जीआय (लोखंडी) पाइप नेला असेल तर तो आधी काढा. माझा अर्धा इंची पाइप भिंतीवर क्लॅम्प केलेला होता, म्हणजे पायातून थांबवलेला हादरा पाइपातून काकूंच्या भिंतीत जात होता, आणि थ्रेडमधून हवा पण गळायची, साबणाच्या फेसाने सापडली. आता मध्ये दोन फुटांचा जाळीवाला रबरी होस आहे, थोडा सैल, कमानीसारखा.

वायरचं थोडक्यात. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर नुसती गुरगुरायची, आणि मी तिला वरून लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड लावलेला होता. ते बंद केलं, २.५ चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाइन, सी टाइप २० अँपियरचा एमसीबी. लांब जायचं असेल तर हवेचा पाइप लांब घ्या, वायर नको.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा लिहायला पाहिजे. नाशिकला ऑक्टोबर ते मे टाकीतून चमचाभर पाणी निघायचं, मी म्हटलं हे लोक उगाच घाबरवतात. जुलैत अर्धा तास चालवल्यावर अर्धा कप निघालं, चहाच्या रंगाचं. पावसातल्या हवेत घनमीटरला २० ग्रॅमच्या वर पाणी असतं, हा पंप तासाला दहा-बारा घनमीटर हवा ओढतो, आणि दाबलेल्या हवेत एवढं पाणी मावत नाही, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून पत्रा खातं. म्हणून मशीन बसवताना ड्रेनच्या टोकाला ४-५ मिमीचा उतार ठेवलाय, तेवढ्याने ऑइलच्या लेव्हलला फरक पडत नाही. आता दर दिवशी काम संपलं की प्रेशर उतरवून कॉक उघडा ठेवूनच वर जातो. एकदा विसरलो तर टीपॉयच्या पॉलिशवर पाण्याचे ठिपके आले आणि सगळं घासून परत करावं लागलं.

मार्चपासून आजपर्यंत नट एकदाही सैल झालेले नाहीत, पायाजवळ रेघ नाही, बेल्ट एकदा ताणला, अंगठ्याने दाबल्यावर १२ मिमी जातो एवढा. आवाज कमी झालाय असं मी म्हणणार नाही, पंपाचा टकटक आवाज आणि एअर फिल्टरचा फुसफुस तसाच आहे, तो हवेतून येतो, त्याला पॅड काही करत नाही. गेला तो भिंतीतला घुमारा. परवा काकूंना विचारलं, दुपारी एक तास चालवला होता, डबे वाजले का. त्या म्हणाल्या, "कधी चालवलास? आजोबा तर चार वाजेपर्यंत झोपले होते."

काल परत पॅड मोजले. पंपाच्या बाजूचे अर्धा मिमी अजून बसलेत, दुसरीकडचे तसेच आहेत. मोल्डिंगवाला म्हणाला होता पहिल्या वर्षात थोडं बसतं, मग थांबतं. पंपाच्या बाजूला अर्ध्या मिमीची चकती टाकून ठेवली, दिवाळीत परत मोजणार आहे.